टॅब आले, तरी मुलाचे वाचन कोण ऐकणार?

नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिकेचे हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. शाळा पहिली ते पाचवीची, पट ६८ मुलांचा, मंजूर पदे तीन आणि प्रत्यक्षात शिक्षक दोन. तिसरी, चौथी आणि पाचवी मिळून ४१ मुले या शिक्षिका एकाच खोलीत शिकवतात. पाचवीतल्या निम्म्या मुलांना अजून सलग वाचता येत नाही, मुलांच्या घरी कोकणा बोली बोलली जाते आणि द्राक्षाचा हंगाम आला की बरीच कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे उतरतात, असे त्या लिहितात. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीने सीएसआर म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून शाळेला वीस टॅब देऊ केले आहेत. त्यांत मराठी बोलणारा 'एआय शिक्षक' आहे. मूल वाचते, तो ऐकतो आणि चुका सांगतो, असा कंपनीचा दावा आहे. अट एवढीच की प्रत्येक मुलाने रोज एक तास टॅब वापरला पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि सरपंच हरखून गेले आहेत, तर निवृत्तीला आलेले सहकारी गुरुजी 'हे खूळ शाळेत नको' म्हणून अडून बसले आहेत. 'मी कोणाचे ऐकू? यंत्रामुळे माझी मुले वाचू लागतील का? की यंत्र आले म्हणून तिसरे पद कायमचे रिकामे राहील? आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. गेले काही महिने मी रात्री मोबाइलवरच्या चॅटबॉटकडून टाचण आणि वाचनपाठ करून घेते. ही लबाडी आहे का?'

ताई, सस्नेह नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचे ओझे मनावर असताना बाकीच्या प्रश्नांचा मोकळेपणाने विचार करता येणार नाही. टाचणासाठी आणि वाचनपाठांसाठी यंत्राची मदत घेणे ही लबाडी नाही. टाचण म्हणजे वर्गात काय करायचे याची शिक्षकाने केलेली तयारी. ती करताना आपण शिक्षक हस्तपुस्तिका पाहतो, शेजारच्या शाळेतील मैत्रिणीची वही पाहतो, दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचे साहित्य पाहतो, आणि त्यात कोणालाही गैर वाटत नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा टाचण वहीतच राहते आणि वर्गात त्यातले काहीही घडत नाही. तसे होण्यासाठी चॅटबॉटची कधीच गरज पडलेली नाही. तीन वर्ग एका खोलीत सांभाळून रात्री मुलांसाठी पाठ तयार करणाऱ्या शिक्षिकेने अपराधी वाटून घ्यावे, हे मला पटत नाही. माझे म्हणणे असे की, ही गोष्ट लपवू नका. केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतील शिक्षकांच्या बैठकीत, ती उघडपणे सांगा. हेच करणारे आणखी काही जण त्या खोलीत बसलेले निघतील, आणि मग यंत्र कोठे चुकते याबद्दल एकमेकांशी बोलता तरी येईल.

कारण ते चुकतेच, आणि तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या दोन पाठांतच त्याचा नमुना आहे. पहिल्या पाठासाठी तुम्ही यंत्राला नेमकी सूचना दिली होती: मुलांना काही निवडक अक्षरे आणि फक्त काना शिकवून झाला आहे, दुसरे कोणतेही स्वरचिन्ह नको. यंत्राने पाच वाक्यांचा छान पाठ दिला, पण तिसरे वाक्य आहे 'मामा गावाला गेला'. त्यातल्या 'गे'वर मात्रा आहे, आणि ज्या मुलाला मात्रा ठाऊक नाही ते नेमके तेथे थांबेल, तुमच्याकडे बघेल आणि अंदाजाने काहीतरी म्हणेल. 'मामा गावाला आला' असे केले की काम झाले. ही चूक यंत्राच्या रचनेतूनच येते. असे चॅटबॉट मजकूर एकेक अक्षर पाहून लिहीत नाहीत. शब्दांचे तुकडे एकामागून एक जुळवत, पुढे काय येण्याची शक्यता जास्त आहे त्याचा हिशेब करत ते लिहितात. म्हणून गोष्ट सुरेख जमते आणि 'फक्त काना' यासारखी अक्षराच्या पातळीवरची अट मोडते. दुसऱ्या पाठातल्या गणिताच्या उदाहरणात 'मेजावर १२ सेब' ठेवलेले आहेत. मराठीपेक्षा हिंदी मजकूर कितीतरी अधिक उपलब्ध असल्याने हिंदी शब्द असे आत शिरतात. तुमच्या मुलांच्या परसात नागली, वरई, भात आणि आंबे असताना उदाहरणात सेब का असावेत? तेव्हा यंत्राने दिलेला प्रत्येक पाठ छापण्यापूर्वी किंवा फळ्यावर लिहिण्यापूर्वी तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा आणि पेन्सिल हातात ठेवा. संख्यांची अक्षरी नावे, म्हणजे एकोणसाठ, एकोणसत्तर ही मंडळी, दोनदा तपासा. आणि चॅटबॉटला काही विचारताना कोणत्याही मुलाचे नाव, आजार किंवा घरची परिस्थिती कधीही लिहू नका. 'पाचवीतले मूल, शब्द वाचते, वाक्यात अडखळते' एवढे त्याला पुरते.

आता टॅबकडे वळू. तुमच्या पत्रात हा प्रश्न 'घ्यावेत की नाकारावेत' असा आला आहे, आणि सरपंच व गुरुजी यांनी त्याची दोन टोके धरून ठेवली आहेत. मला या मांडणीबद्दलच शंका आहे. वस्तू शाळेत येणे किंवा न येणे यावर मुलांचे वाचन ठरत असते, तर दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने तो प्रश्न कधीच सोडवला असता. तेथे ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांना प्रत्येकी एक लॅपटॉप देण्याचा मोठा कार्यक्रम झाला. सुमारे सव्वा वर्षानंतर तीनशेहून अधिक शाळांत तपासणी केली, तेव्हा मुलांचा संगणक वापर वाढलेला होता, पण गणित आणि भाषा यांच्या चाचण्यांत काहीही फरक पडलेला नव्हता. त्याउलट दिल्लीतील एका अभ्यासात संगणकावर शिकणाऱ्या मुलांची स्पष्ट प्रगती दिसली. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावी ते नववीच्या मुलांना साडेचार महिने शाळेनंतरच्या केंद्रात बोलावले जात असे. तेथील प्रणाली प्रत्येक मुलाची खरी पातळी ओळखून तेथूनच त्याला प्रश्न देत असे. सहावीतले मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होते आणि नववीतले साडेचार इयत्ता, हे त्या वेळी दिसून आले. गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत ही मुले इतरांच्या पुढे गेली. पण या अभ्यासाचा दाखला देणारे पुष्कळ जण त्यातला अर्धा भाग सांगायचे विसरतात. दीड तासाच्या त्या सत्रात पंचेचाळीस मिनिटे संगणक होता, आणि उरलेली पंचेचाळीस मिनिटे बारा-पंधरा मुलांच्या गटाला शिकवणारा माणूस होता.

दोन्ही ठिकाणी यंत्रे होती. दिल्लीत मुलाला त्याच्या पातळीवरचे काम मिळाले आणि शेजारी माणूस होता; पेरूत नुसती वस्तू मिळाली. तेव्हा टॅबबद्दल ठरवण्याआधी आपल्या वर्गात नेमके काय अडले आहे, ते पाहू या.

तुम्ही लिहिता की पाचवीतल्या निम्म्या मुलांना सलग वाचता येत नाही, आणि पुढे 'माझी मुले कच्ची आहेत' असे वाक्य येते. ते वाक्य मी तुम्हाला खोडायला सांगेन. मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या 'असर' या २०२४ च्या सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीतली ४८.८ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली होती. म्हणजे तुमचा वर्ग जगावेगळा नाही. पाचवीचे पुस्तक समोर आणि मूल मात्र शब्दांपाशी, अशा वर्गात शिक्षक कितीही जीव तोडून शिकवत असला, तरी त्याचे शिकवणे त्या मुलाच्या डोक्यावरून जाते. इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे मुलांचे गट करून शिकवण्याची पद्धत 'प्रथम' संस्थेने मुंबईपासून सुरू करून गेल्या तीन दशकांत देशभर वापरून दाखवली आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागच्या कामात 'प्रथम'च्या वर्गांवरचे अभ्यासही होते. या पद्धतीत मूळचे कोणतेही यंत्र नाही. 'एआय प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकवतो' ही जाहिरात ज्या तत्त्वावर उभी आहे, ते तत्त्व खडू, अक्षरकार्डे आणि चटई एवढ्यावर चालू शकते. अडते ते फक्त शिक्षकाच्या वेळापाशी. तुम्ही एक आहात आणि वाचन ऐकवायला मुले ४१ आहेत. टॅबचा खरा उपयोग या एकाच जागी होऊ शकतो, म्हणून त्याची परीक्षाही याच जागी घ्यायची: तो तुम्हाला मुलाशेजारी बसायला वेळ मिळवून देतो, की तुमचा आहे तोही वेळ खातो?

कंपनीची अट या परीक्षेत सपशेल नापास होते. ६८ मुले, वीस टॅब आणि प्रत्येकी एक तास, म्हणजे चार तुकड्या आणि रोजचे चार तास. मग शाळेत दुसरे काही शिल्लक राहत नाही, आणि चार्जिंग, पासवर्ड, अडकलेले अ‍ॅप यांच्यामागे धावण्यात दोन्ही शिक्षक गुंतून पडतात. ही अट घालणाऱ्याने तुमच्या शाळेचे वेळापत्रक पाहिलेले नाही. हे त्यांना नम्रपणे पण लेखी सांगा आणि सोबत तुमचा आराखडा द्या. माझ्या मते तो असा असावा: पहिली-दुसरीला टॅब नकोत. तिसरी ते पाचवीची मुले पातळीप्रमाणे तीन गटांत, साधारण चौदा-चौदाची: अक्षरांपाशी असलेली, शब्द आणि छोटी वाक्ये वाचणारी, सलग वाचणारी. भाषेचा दीड तास धरला, तर एक गट अर्धा तास टॅबवर, दुसरा जोडीवाचन आणि लेखन करत, तिसरा तुमच्याभोवती, आणि मग अदलाबदल. तुमच्याभोवतीच्या अर्ध्या तासात सात मुलांचे प्रत्येकी चार मिनिटे वाचन ऐकून होते. म्हणजे प्रत्येक मुलाची पाळी दिवसाआड येते. आज तुमच्या वर्गातील मूल तुमच्याजवळ बसून एकटे, मोठ्याने, न घाईने किती दिवसांतून एकदा वाचते, याचा हिशेब मनात करून पाहा. हा फरक पडणार असेल, तर टॅब घेण्यात अर्थ आहे.

पण त्याआधी त्या 'एआय शिक्षका'ला पुरते ऐकू येते का, हे तपासावे लागेल, आणि येथे माझा भर सर्वांत जास्त आहे. बोलणे ओळखणाऱ्या प्रणाली बव्हंशी मोठ्या माणसांच्या आवाजावर तयार झालेल्या असतात. लहान मुलाचा आवाज वरच्या पट्टीचा असतो, ते अडखळत, अक्षरे जुळवत, मध्येच मागे जात वाचते, आणि अशा वाचनात या प्रणाली मोठ्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त चुका करतात. घरी कोकणा बोलणाऱ्या मुलाचे उच्चार वेगळे असणार, त्यामुळे मुलाने बरोबर वाचले तरी यंत्र 'पुन्हा प्रयत्न कर' म्हणण्याची शक्यता आहे. जे मूल आधीच वाचायला बिचकते, त्याला असे चार वेळा ऐकायला लागले की ते तोंड मिटून घेते, हे तुम्हाला मी सांगायला नको. उलट दिशेचा धोका याहून लपलेला आहे. अशा प्रणाली ऐकताना पुढचा शब्द काय असावा याचाही अंदाज बांधतात. त्यामुळे मुलाने चुकीचे वाचले, तरी यंत्राला अपेक्षित शब्दच ऐकू आला असे होते, ते शाबासकी देते आणि चूक तशीच पक्की होते.

म्हणून होकार देण्यापूर्वी कंपनीकडून एकच टॅब आठवडाभर मागून घ्या. वर्गातील सर्वांत अडखळणारी तीन मुले आणि चांगले वाचणारी दोन मुले त्यावर वाचतील आणि तुम्ही शेजारी बसून प्रत्येक शब्द कागदावर टिपाल. नंतर टॅबचा अहवाल आणि तुमचा कागद शेजारी ठेवा. एकदा तुम्ही स्वतःही वाचा आणि मुद्दाम चुका: 'गाईने चारा खाल्ला' असे लिहिलेले असताना 'गाईने चारा आणला' म्हणा आणि यंत्र ते पकडते का, ते बघा. एकदा इंटरनेट बंद करून पाहा. आणि शक्य असेल, तर जोराच्या पावसात पाहा. पेठचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, तेथे टॅबला काय ऐकू येणार? जून ते सप्टेंबर हे अ‍ॅप ऐकण्याच्या कामाचे नाही असे निघाले, तर ते आधीच कळलेले बरे. त्या दिवसांत त्यावर चित्रगोष्टी, गणिताचा सराव असे आवाजाविना होणारे काम घेता येईल.

एका बाबतीत मात्र मी तडजोड सुचवणार नाही. मुलांच्या हातात मोकळा चॅटबॉट, म्हणजे काहीही विचारा आणि उत्तर घ्या असा, देऊ नका. तुर्कस्तानात जवळपास हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. ज्यांना सराव करताना साधा चॅटबॉट दिला होता, त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता अशा मुलांपेक्षा ती १७ टक्के मागे पडली. तयार उत्तर न देता केवळ धागा दाखवणारी आवृत्ती ज्यांना दिली होती, त्यांचे हे नुकसान बरेचसे टळले. ती माध्यमिक शाळेतील मुले होती. तुमची आठ-दहा वर्षांची मुले तर अजून उत्तर आणि समज यांतला फरकच शिकत आहेत. युनेस्कोनेही २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशी साधने स्वतंत्रपणे वापरण्यासाठी किमान १३ वर्षे वय असावे, असे म्हटले आहे. तेव्हा कंपनीला हा प्रश्न स्पष्ट विचारा: मुलाने उत्तर मागितले, तर तुमचा 'शिक्षक' उत्तर देतो की पुढची पायरी दाखवतो?

दुसरा प्रश्न मुलांच्या आवाजाचा. ते रेकॉर्डिंग कोठे साठवले जाते, किती काळ, आणि कंपनी ते आपले उत्पादन सुधारण्यासाठी वापरणार का? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळून घेतलेली संमती हा मूळ नियम आहे. शाळांसाठी काही सवलती असल्या, तरी आपल्या लेकराचा आवाज कोठे जातो हे पालकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगण्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. फॉर्मवर अंगठा घेणे म्हणजे संमती घेणे, असे समजू नका. यासोबत दुरुस्ती कोण करणार आणि अ‍ॅपचा परवाना किती वर्षांचा आहे, हेही लिहून घ्या. पहिल्या वर्षानंतर पैसे मागणारे अ‍ॅप शाळेच्या कपाटात धूळ खात पडते.

आता बोलीबद्दल, कारण तुमच्या पत्रात ती एका वाक्यात येऊन गेली आहे आणि मला ती कळीची वाटते. घाटमाथ्यावरच्या कोकणा घरांतील बोली यंत्राला येत नाही. मोठ्या भाषा-प्रकल्पांचा भर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांवर आहे, आणि ही बोली त्या यादीत नाही. चॅटबॉटला 'कोकणी' म्हटले तर तो गोव्याकडे वळेल. तुमच्या मुलांना मराठी वाचनात जे अडते, त्यातले पुष्कळसे अक्षराचे नसून अर्थाचे असते. शब्द जुळवला जातो, पण तो घरात कधी ऐकलेलाच नसतो. रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चे ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, तेव्हा त्यांनी पाठ्यपुस्तकात आणलेल्या क्यूआर कोडची सगळीकडे वाहवा झाली. पण त्यांच्या शाळेतील मुलांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून त्यांनी आधी स्वतः कन्नड शिकून पुस्तके त्या भाषेत आणली, याची आठवण कमी जणांना असते. तुम्हाला एवढे करायला मी सांगत नाही. पाड्यावरच्या एखाद्या आजीला वर्गात बोलवा, तिची गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मुलांच्या मदतीने ती देवनागरीत उतरवून घ्या. मग त्या गोष्टीचा मराठी पाठ तीन पातळ्यांवर करून देण्याचे काम चॅटबॉटला सांगा: एक फक्त शब्दांचा, एक छोट्या वाक्यांचा, एक सलग. हे काम तो चांगले करतो, कारण गोष्ट तुमची असते, त्याने फक्त सोपी करायची असते. मूळ कोकणा गोष्ट आणि तिचे मराठी रूप शेजारी-शेजारी भिंतीवर लावा.

गुरुजींबद्दल दोन शब्द. 'मुले स्क्रीनला चिकटतील' ही त्यांची भीती खोटी नाही, म्हणून त्यांना हरवण्याच्या भरीस पडू नका. टॅब शाळेबाहेर जाणार नाहीत, एका वेळी अर्धा तास, पहिली-दुसरीला नाहीत, हे नियम त्यांनाच लिहायला सांगा. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मुले वाचती केलेल्या माणसाचा कान वर उल्लेखलेल्या चाचणीत तुमच्यापेक्षाही उपयोगी पडेल. टॅबचा निकाल खरा की खोटा, हे त्यांना लगेच कळेल.

तिसऱ्या पदाची तुमची भीती मला रास्त वाटते, आणि तिला उत्तर कागदावरच द्यावे लागेल. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत ६० पर्यंत मुलांना दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक लागतात. तुमचा पट ६८ आहे, म्हणजे तिसरा शिक्षक हा मुलांचा कायदेशीर हक्क आहे आणि कोणतेही अ‍ॅप त्या गणतीत धरले जात नाही. टॅब स्वीकारण्याचा ठराव समितीत होईल, त्याच बैठकीत, त्याच पानावर दुसरा ठराव घ्या: रिक्त पद भरावे, टॅब हे शिक्षकाच्या बदल्यात नाहीत. प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घ्या. सरपंचांचा आज उत्साह आहे; तो उद्घाटनाच्या फोटोपुरता न राहता या दुसऱ्या ठरावाच्या पाठपुराव्याला लावता आला, तर शाळेचे मोठे काम होईल. टॅबमुळे मिळणारा अर्धा तास महत्त्वाचा आहेच, पण तिसरा शिक्षक आला तर मुलांना पूर्ण दिवस मिळतो.

राहिला हंगामाचा प्रश्न. छाटणी, थिनिंग (घडांची विरळणी), डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), काढणी असे करत काही कुटुंबे महिनोन्‌महिने बागांवर राहतात, आणि वाचायला नुकतेच शिकलेले मूल याच काळात मागे सरकते. शाळेच्या कपाटातले टॅब त्याच्यासोबत जात नाहीत, तेव्हा या मुलांसाठी वेगळी तयारी करा. निघण्याच्या आठवड्यात प्रत्येकाचे वाचन ऐका आणि शिक्षण हमी पत्रकासोबत, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून शाळा देते त्या कागदासोबत, अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या: मूल कोणत्या पातळीवर आहे, कोणती अक्षरे अडतात, घरची बोली कोणती. दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातील ज्या शाळेत ते बसेल, तेथील शिक्षकांना फोन करून ही चिठ्ठी वाचून दाखवा. नाहीतर त्या मुलाला इयत्तेचे पुस्तक मिळते आणि ते मागच्या बाकावर जाते. तुमच्या रात्रीच्या मेहनतीचा येथे चांगला उपयोग आहे. चॅटबॉटच्या मदतीने त्या मुलाच्या पातळीचे वीस छोटे पाठ तयार करून, तपासून, छापून त्याच्या दप्तरात द्या, आणि आई-वडिलांच्या फोनवर आठवड्याला एक पाठ तुमच्या आवाजात पाठवा. त्यांना वाचता येत नसले तरी चालेल. मुलाने संध्याकाळी तो पाठ वाचून त्याचे रेकॉर्डिंग तुम्हाला परत पाठवायचे. फोन एकच आणि रेंज अधूनमधून, हे धरूनच ठरवा. दर आठवड्याला सगळ्यांचे येणार नाही. ज्यांचे दोन आठवडे आले नाही, त्यांच्या घरी फोन करण्याचे काम समितीतील एका सदस्याकडे द्या, आणि ते नाव आत्ताच्याच बैठकीत ठरवून घ्या.